चिरंजिवांचा पलंग

३ फेब्रुवारी

नोकरीत असताना रोजच्या तपासणीची टिपणं ठेवायची सवय होती. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. मी दुकानाची पायरी चढलो की आतले तराजू आपोआप सरळ व्हायचे. निवृत्तीनंतर टिपण्यासारखं काही घडेना, सवय सुटली. आज पुन्हा लिहायला बसलो, कारण आजपासून मी पलंग करतोय. कुणाकडून करवून घेत नाहीये. स्वतः, घरात.

त्याचं असं झालं. चिरंजीव महिन्यापूर्वी घरी आले. लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत असतात. ऑफिसनं साठलेली रजा घ्यायला लावली म्हणाले. वय तीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, आणि त्यांच्या खोलीत पलंग अजून शाळेच्या वयातला. पाय बाहेर येतात. हिनं पायांखाली स्टूल ठेवलंय आणि स्टुलावर उशी. दिवसाचा बराचसा वेळ चिरंजीव त्याच अवस्थेत, भिंतीकडे तोंड करून असतात. झोपलेत की जागे, हे नुसत्या पाठीवरून कळत नाही. लोक रजेत डोंगर चढतात, आमचे कुशीवर वळतात.

म्हणून आज फर्निचरच्या दुकानात गेलो. ही आली नाही. म्हणाली, "दोघांनी एकदम घर सोडून कसं चालेल?" घर काय पळून जाणार होतं? एकटाच गेलो. दुकानदारानं दाखवलेल्या पलंगावर बोटानं ठोकलं तर आतून पुठ्ठ्याचा आवाज. भुसा दाबून वर लाकडाचं चित्र चिकटवलेलं! "असला माल विकता?" म्हटलं, तर म्हणतो, "काका, आजकाल लाकूड कोण बघतो, डिझाइन बघतात."

घरी येऊन जाहीर केलं, मीच करतो. ही म्हणाली, "तुम्ही? मागच्या वेळी घड्याळाचा खिळा मारलात तो शेजारच्यांच्या भिंतीतून निघाला." चिरंजिवांना विचारलं, कसा हवा? ते भिंतीला म्हणाले, "मला काय, जमिनीवरही चालेल."

जमिनीवर चालेल म्हणे. आई-बापाच्या घरात!

५ फेब्रुवारी

वखारीत जाऊन लाकूड आणलं. वखारवाला जाडजूड गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्यानं फळी मापली, मी त्याची टेप मापली. तो हसला. "साहेब, खात्यातले का?" म्हणाला. माणूस ओळखतो.

पाइनच्या फळ्या घेतल्या, पायांसाठी जाड चौकोनी दांडे. टेम्पोवाल्यानं सगळं खाली फुटपाथवर टाकलं आणि निघून गेला. तिसऱ्या मजल्यावर न्यायचं कसं? चिरंजिवांना हाक मारली. दोनदा नाही, चारदा. शेवटी आले, चपलाही न घालता. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. पहिल्या खेपेला बरं चाललं. दुसऱ्या खेपेला फळी वर टेकवून मी दम खात बसलो, आणि हे परत जाताना मधल्या वळणावरच्या खिडकीपाशी थांबले. उघडीच असते ती. किती वेळ उभे! मी वरून म्हटलं, "काय दिसतंय एवढं?" तेवढ्यात ही आमच्या दारातून जी सुटली, मला ओलांडून, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जायला मला लावणारी बाई! जाऊन त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, चहा टाकलाय."

चहा टाकलेला नव्हता. मी स्वयंपाकघरात पाहिलं.

उरलेल्या फळ्या मी आणि खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्यानं वर आणल्या.

७ फेब्रुवारी

हत्यारं आली. करवत, छोटा रंधा, हातोडी, दोन पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या, ड्रिल. मांडून ठेवली तर एखाद्या कारखान्यासारखं वाटलं. हिनं मात्र वेगळंच टुमणं लावलं: काम झालं की सगळं लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली तिच्याकडे. म्हटलं, "पटाशी चोरायला कोण येणार आहे तिसऱ्या मजल्यावर?" म्हणाली, "माझं एवढं ऐका." करवतीची जादा पातीसुद्धा तिनं कागदातून काढून मोजून घेतली. मी खात्यात होतो की ही, असा प्रश्न पडावा.

हल्ली हिचं हे असंच चाललंय. न्हाणीघराची आतली कडी बिघडली म्हणून काढून टाकली आणि नवी बसवू देत नाही. आता आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून मला अंघोळ करताना गावं लागतं. माझा आवाज असा, की काल शेजारीण विचारत होती, बरं नाही का?

आणि झोपते चिरंजिवांच्या खोलीत, खाली गादी टाकून. तिकडे हवा चांगली येते म्हणे. मी घोरतो, हे स्पष्ट सांगायचं सोडून हवेला पुढे केलंय.

९ फेब्रुवारी

पहिली फळी कापली. आखलेली रेघ एकीकडे, करवत दुसरीकडे. कापलेलं टोक गुण्याला लावलं तर मध्ये उजेड दिसतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली बोटभर खोट काढली, आणि माझ्याच हातून ही तऱ्हा. दुसरी फळी जपून कापली, ती सरळ आली पण आखूड. रेघेच्या कुठल्या बाजूला कापायचं हे ठरवायचं राहिलं होतं.

दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लावून मध्ये काम मांडलंय. भुसा चहात, भुसा चपलांत. हिनं अवाक्षर काढलं नाही. एरवी टेबलावर ओला पेला ठेवला तरी ऐकवते.

दुपारी दोघं दातांच्या डॉक्टरकडे गेली. चिरंजिवांची दाढ दुखतेय, दर आठवड्याला जावं लागतं. मी म्हटलं, एवढं दुखतंय तर उपटून का टाकत नाहीत? ही म्हणाली, "सगळंच उपटून टाकता येत नाही." गोळ्याही चालू आहेत. त्या ही आपल्या कपाटात ठेवते आणि एकेक हातावर देते, लहान मुलाला द्याव्यात तशा. लाड, दुसरं काय!

१३ फेब्रुवारी

आज एक नवल.

रंधा मारत होतो. रंधा अडकत होता, लाकडाचे तुकडेच्या तुकडे निघत होते. मान वर केली तर चिरंजीव दारात उभे. केस विस्कटलेले, अंगावर तोच परवाचा शर्ट. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उलट्या बाजूनं मारताय, बाबा."

"म्हणजे?"

"रेषा बघा ना. त्या तिकडे चढतायत. तुम्ही त्यांच्या तोंडावर जाताय."

फळी फिरवली. रंधा लोण्यातून जावा तसा गेला, लांबच लांब साल निघाली. चिरंजिवांनी ती उचलली, बोटाला गुंडाळली, नाकाशी नेली. म्हटलं, "कुठे शिकलास?" "कुठे नाही. दिसतंय." मग स्वतःहून खाली बसले आणि पॉलिश पेपर घेऊन एका पायाला घासायला लागले. जेवायची हाक येईपर्यंत घासत होते. जेवलेही व्यवस्थित.

ही शेजारी खुर्ची टाकून शिवण घेऊन बसली होती. तिच्या सुईत दोरा नव्हता. मी दाखवून दिलं तेव्हा म्हणाली, "असू दे."

१७ फेब्रुवारी

आज घरात भांडण झालं. माझी बाजू लिहून ठेवतो.

तीन-चार दिवस काम छान चाललं होतं. पाय घासून झाले, बाजूच्या फळ्यांना खाचा पाडून झाल्या. आज सकाळी मी सहज विचारलं, रजा कधी संपते? ते म्हणाले, "रजा नाहीये. नोकरी सोडली मी."

"कधी?"

"येण्याआधीच."

माझ्या हातातली पटाशी तशीच राहिली. म्हणजे इतके दिवस मला सांगितलंच नाही! मग मी बोललो. चढ्या आवाजात बोललो, हे कबूल. तीस वर्षांचा घोडा दिवसभर लोळतोय, ही काही रीत आहे का? तुझ्या वयात मी दोन पोटं पोसत होतो आणि कुरकुरायला सवडही नव्हती. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही? उठायचं, तोंड धुवायचं, कामाला लागायचं. यात चूक काय होतं?

ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." हातातला पॉलिश पेपर घडी घालून ठेवला, खोलीत गेले आणि भिंतीकडे वळले.

मग ही माझ्यावर उसळली. चाळीस वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "एक शब्द," म्हणाली, "यापुढे त्याला एक शब्द बोलू नका." मी म्हटलं, बाप आहे मी. म्हणाली, "म्हणूनच." स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. भांडी तर सगळी घासलेली होती.

बोलणारा वाईट. ठीक आहे. पलंगाचं काम थांबवलंय.

२१ फेब्रुवारी

कुणी कुणाशी बोलत नाही. चिरंजीव जेवायला उठत नाहीत. ताट आत जातं आणि बरंचसं तसंच परत येतं. अर्धवट फळ्या दिवाणखान्यात पडल्यात, येता-जाता अंगठा ठेचतो. मीही हट्टाला पेटलोय. पण खरं सांगायचं तर करमत नाही. त्या तीन-चार दिवसांत आम्ही दोघं पाच-पन्नास वाक्यं बोललो असू, "जरा तिकडे धर", "आता सोड", एवढीच. पण त्याच्या लहानपणानंतर इतकं बोललो नव्हतो.

२३ फेब्रुवारी

दुपारी माझा डोळा लागला होता. हिनं गदागदा हलवून उठवलं. "तो घरात नाही."

"असेल खाली. येईल."

"मी न्हायला गेले होते, तेवढ्यात गेला. फोन इथेच ठेवलाय." तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. "तुम्ही पुलाकडे जा. मी स्टेशनकडे जाते."

"पुलाकडे कशाला? तिकडे ना दुकान, ना..."

"जा म्हणते ना!" एवढं बोलून ती जिन्यात पोचलीसुद्धा.

मी निघालो. मनात वैतागच होता. तीस वर्षांचा माणूस पाय मोकळे करायला गेला तर शोधपथकं कशाला? पुलावर कुणी नव्हतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, का पाहिलं कुणास ठाऊक. पाणी बरंच होतं. तसाच थोडा वेळ थांबलो आणि मग, इथवर आलोच आहे तर वखारीतून मोठे स्क्रू घ्यावेत म्हणून वळलो.

चिरंजीव वखारीत होते. फळ्यांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये, एका लाकडावर हात ठेवून उभे. वखारवाल्यानं त्यांना चहाचा पेला दिला होता. मला पाहून म्हणाले, "बाबा, तुम्ही आखूड कापलेली ती फळी... उशाकडे तशीच दुसरी लागेल ना? पण मला लांबी आठवेना. इथे येऊन सगळं विसरलो." वखारवाला कानावरची पेन्सिल काढत म्हणाला, "केव्हाचे उभे आहेत. मी म्हटलं बसा, आठवेल."

फळी घेऊन दोघं घराकडे निघालो. कोपऱ्यावर ही समोरून आली. पायात एकच चप्पल. तिनं आम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग जवळ आली, त्याच्या दंडावर एक चापट मारली, दुसरी मारली, आणि मग तोच दंड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. भर रस्त्यात. लोक बघत होते. तो एवढंच म्हणाला, "आई, फळी आणायला गेलो होतो गं."

घरी आल्यावर मी तिला एकीकडे घेऊन विचारलं, "मला पुलाकडे का पाठवलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं.

२४ फेब्रुवारी

आज काही लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी

लिहायला हवं, नाही तर डोक्यात नुसतं फिरत राहील.

ती डॉक्टर दातांची नाही, मनाच्या आजारांची आहे. दाढ दुखत नाही. तिकडे असताना, घरी येण्याच्या आठवडाभर आधी, तो त्याच्या इमारतीच्या गच्चीवर गेला होता. परत खाली आला आणि आईला फोन केला. काय बोलला ते ती मला सांगू शकली नाही. दोनदा सुरुवात केली आणि थांबली. तीच त्याला जाऊन घेऊन आली. मला सांगितलं होतं, बहिणीकडे चाललेय, आणि दोघं एकदमच परत आली तेव्हा, हा स्टेशनवर भेटला. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, येताना लोणी घेऊन ये.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, बाबांना नको. त्यांना वाटेल मी कच्चा निघालो."

भांडणाच्या दिवशी मी त्याला तेच तर ऐकवलं होतं, शब्द तेवढे वेगळे.

सगळं पुन्हा एकदा डोळ्यांपुढून गेलं. जिन्यातली खिडकी. पेटीची किल्ली. न्हाणीघराची कडी. खालची गादी. मी प्रत्येक वेळी काहीतरी विनोद केला होता. या घरात एक बाई दीड महिना एकटी पहारा देत होती आणि मी न्हाणीघरात गात होतो.

तिला म्हटलं, हा पलंग नको. करवत, पटाश्या, सगळं आजच्या आज देऊन टाकतो. ती म्हणाली, "मीही आधी तसंच म्हणाले होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुलपात ठेवा, समोर बसा, पण काम चालू द्या. अहो, सकाळी तो त्यासाठी उठत होता. दुसऱ्या कशासाठी उठत नव्हता."

१ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे आज आम्ही तिघं गेलो. मी येऊ का, असं त्यालाच विचारलं. त्यानं खांदे उडवले, मग म्हणाला, "या."

बाई तरुण आहेत, अगदी लेकीसारख्या. आधी त्याच्याशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. मी म्हटलं, मला एवढंच सांगा, मी काय बोलायचं नाही? त्या म्हणाल्या, "काय बोलायचं नाही यापेक्षा, काय विचारायचं ते सांगते. सरळ विचारा त्याला. मरावंसं वाटतं का, असं."

"असं विचारलं तर उलट डोक्यात नाही का शिरणार?"

"विचारल्यानं शिरत नाही. आत असलेलं बाहेर यायला वाट मिळते. आणि उत्तर काहीही आलं तरी लगेच समजवायला जाऊ नका. ऐका. आणि मला कळवा."

सोपं वाटतं. घरी येऊन न्हाणीघरात ते वाक्य म्हणून पाहिलं. तिसऱ्या शब्दाला आवाज फुटेना.

४ मार्च

काम पुन्हा सुरू. मीच त्याला म्हटलं, "बाबा रे, तुझ्याशिवाय माझ्याच्यानं होत नाही. तू नसताना कापलेलं सगळं वाकडं आहे." हे खोटं नव्हतं. तो आला. आधी नुसता बसला. मग आखूड फळी हातात घेऊन म्हणाला, "ही फुकट नाही जायची. मधला आडवा टेकू होईल हिचा."

आता मीही हत्यारं मोजून आत ठेवतो. तो पाहतो. आज स्वतःच म्हणाला, "पटाशी एक सोफ्याखाली गेलीय, बाबा." मी वाकून काढली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मानेवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

दुपारचा पहारा आता माझ्याकडे. हिला म्हटलं, तू जरा पड. पडते, पण डोळे उघडे.

८ मार्च

आज विचारलं.

उशाकडचा भाग जोडायचा होता. दोन उभे पाय, मध्ये दोन आडव्या फळ्या. खाचांत सरस लावून फळ्या बसवल्या. आवळून धरायला शिकंजे दोनच, ते खालच्या फळीला लागले. वरची फळी सरस धरेपर्यंत हातांनीच दाबून ठेवायची होती. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. म्हणजे दोघांनाही हलता येत नव्हतं. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

ही नुकतीच खाली दुकानात गेली होती. मीच पाठवली होती.

"एक विचारू?" मी म्हटलं.

"हं."

"तुला... मरावंसं वाटतं का रे?"

त्याच्या हातांचा दाब सुटला. फळी माझ्याकडे सरकली. "धर, धर," मी म्हटलं, "सरस सुटेल." त्यानं पुन्हा दाबलं. सांध्यातून सरसाचा एक थेंब ओघळत होता, तो त्याच्याकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थांबा. मी थांबलो. आयुष्यात मला न बोलता थांबणं कधी जमलेलं नाही.

"आईनं सांगितलं?"

"हो. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय."

"वाटायचं," तो म्हणाला. "मरावंसं असं नाही. संपावंसं. दिवस सुरू झाला की वाटायचं, हा कधी संपतोय. संपला की उद्याचा उभाच. कामावर सगळे म्हणायचे, किती शांत आहेस तू. मी शांत नव्हतो, बाबा. माझ्यात आवाजच उरला नव्हता."

"आणि आता?"

"आता रोज नाही वाटत." मग म्हणाला, "काल वाटलं होतं. सकाळी."

माझ्या घशाशी दहा वाक्यं आली. एकही चांगलं नव्हतं. मी म्हटलं, "वाटलं की मला उठव. कधीही. मी झोपलो असलो तरी."

"तुम्ही घोरत असता."

"मग जोरात उठव."

तो हसला म्हणता येणार नाही, पण नाकातून हवा सोडली. "तुम्हाला नाही का वाटत, मी कच्चा निघालो?"

मी म्हटलं, "गच्चीवरून पायऱ्या उतरून खाली येणं मला जमलं असतं की नाही, कुणास ठाऊक."

तो रडायला लागला. हात फळीवरच. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, त्याचेही नाहीत आणि माझेही. तसेच उभे होतो. ही आली, दारात पिशवी घेऊन थबकली आणि म्हणाली, "काय झालं?"

"सरस वाळतोय," तो म्हणाला.

पिशवी खाली ठेवून तिनं आधी त्याचं नाक पुसलं, मग माझं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं, कालच्या सकाळचंसुद्धा. त्याच्यासमोरच केला. गोळीचं माप त्यांनी बदललंय, आणि परवा पुन्हा बोलावलंय.

१५ मार्च

आठवडा बरा-वाईट गेला. मंगळवारी तो उठलाच नाही. मी त्याच्या खोलीत जाऊन खालच्या गादीवर बसलो आणि वर्तमानपत्र वाचत राहिलो, मोठ्यानं, बाजारभावासकट. दुपारी तो म्हणाला, "बाबा, पुरे, येतो." बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी मात्र मी उठायच्या आत तो फळ्या घासत बसलेला होता, आणि समोर खुर्चीत ही. पूर्वी मला वाटायचं की एकदा बरं झालं की झालं. तसं नाही. हे मोजायला माझ्याकडे माप नाही.

वॉर्निश त्यानं लावलं. मला हात लावू दिला नाही. म्हणाला, तुम्ही ब्रश नाचवता.

२० मार्च

आज पलंग उभा केला.

सुटे भाग त्याच्या खोलीत नेऊन तिथेच जोडले, ही अक्कल त्याची. मी दिवाणखान्यातच जोडणार होतो आणि मग तो दारातून गेला नसता. जुना पलंग इस्त्रीवाल्याच्या मुलीसाठी खाली गेला. स्क्रू पिळले, आडव्या पट्ट्या टाकल्या. टेप घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मापलं, तर फरक निघाला. बोटभर नाही, पण निघाला. मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "खात्यात कळवायचं का?" एक पाय जरा वर राहतो, त्याखाली लाकडाची चकती सारली. वर गादी टाकली. बसलं की एकदा कुरकुरतो आणि गप्प होतो. माझ्यासारखाच आहे, असं हिचं मत.

तो बाजूला उभा राहून बघत होता. म्हटलं, "पड ना. पाय मावतात का बघू."

"आई, आधी तू," तो म्हणाला. "एवढे दिवस खाली झोपलीस."

"मला कशाला? मला गॅसवर..."

"टेकून तर बघ."

ती कडेला बसली. मग जरा मागे सरकली. मग, बघू उशी कशी आहे, म्हणून डोकं टेकलं. "मऊ आहे की," म्हणाली. पुढे काहीतरी सांगत होती, पडद्याबद्दल असावं, आणि वाक्याच्या मध्येच थांबली. आम्हाला वाटलं, विचार करतेय.

तिला झोप लागली होती. दुपारच्या उजेडात, चपला पायात, एक हात पलंगाबाहेर लोंबत. तोंड किंचित उघडं. मी तिला दिवसा झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांखाली केवढं काळं झालं होतं, तेही आत्ता दिसलं.

मी हाक मारणार होतो, त्यानं माझा हात धरला. मग वाकून, आवाज न करता, त्यानं तिच्या चपला काढल्या आणि पलंगाखाली शेजारी-शेजारी ठेवल्या. लोंबणारा हात उचलून गादीवर ठेवला. ती हललीही नाही. आम्ही दार लोटून बाहेर आलो.

स्वयंपाकघरात बसून खालच्या आवाजात बोललो. तो म्हणाला, वखारवाल्याकडे जाऊन येईन म्हणतो उद्या, त्याला एक माणूस हवाय म्हणत होता, अर्धा दिवस. मी म्हटलं, बघ. एवढंच म्हटलं. सल्ला द्यायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. आम्हाला दोघांनाही भूक लागली. तो उठला, पातेलं शोधलं, अंडी काढली, हातात धरून थांबला.

"आईची आत्ताच करू, की उठल्यावर?"

"उठल्यावर," मी म्हटलं. "झोपू दे तिला."